पाचपैकी पाच गुण, हिमोग्लोबिन मात्र सात

जून महिन्यात शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. पावसाने झड धरली होती आणि दवाखान्यात सर्दी-तापाच्या पेशंटची रांग बाहेरच्या बाकापर्यंत गेली होती. त्या गर्दीत नववीतली एक मुलगी आईबरोबर आली. तक्रार म्हटली तर साधीच. जिना चढताना दम लागतो, पाय ओढतात, वर्गात झोप येते. आई म्हणाली, "डॉक्टर, नुसती आळशी झालीय बघा. काय काम सांगितलं की बसूनच राहती."

मी मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा. जीभ फिकी, नखे फिकी. रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन ७.१ आले. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असू नये. ते ८ च्याही खाली गेले तर त्याला आम्ही तीव्र रक्तक्षय म्हणतो. मुलगी आळशी नव्हती. तिच्या अंगात रक्तच नव्हते.

पुढच्या तपासण्यांसाठी तिला सीपीआरला जायला सांगितले आणि चिठ्ठी लिहिता लिहिता सहज विचारले, "लोह कशात असतं, माहीत आहे का गं तुला?"

"हो," ती म्हणाली आणि एका दमात सांगू लागली, "हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गूळ, खजूर, मनुका, शेंगदाणे, मांस, यकृत." आईने कौतुकाने भर घातली, "आठवीच्या परीक्षेत हाच प्रश्न होता डॉक्टर. पाचपैकी पाच गुण पडले हिला."

"छान! मग यातलं काल काय काय खाल्लंस?"

मुलीने आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे. सकाळी चहा आणि खारी. डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, तीही निम्मी परत आणलेली. शाळा सुटल्यावर दहा रुपयांचे एक पुडके. रात्री आमटी-भात, आणि जेवण झाल्या झाल्या पुन्हा कपभर चहा. मी विचारले, "पोकळा माहीत आहे?" ती म्हणाली, "नाव ऐकलंय." लक्ष्मीपुरीच्या मंडईत पोकळ्याच्या पेंढ्यांचे ढीग पडलेले असतात. मंडईपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या या मुलीने पोकळ्याचे फक्त नाव ऐकले होते! शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीची चौकशी केली तेव्हा कळले की, ती तोंडात धरून नंतर थुंकून टाकली जाते. मळमळते म्हणून. ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते, एवढे एक वाक्य तिच्या डोक्यात कुणी घातले नव्हते, किंवा घातले असले तरी ते राहिले नव्हते.

ही एकच मुलगी असती तर मी हे सदर तिच्यावर खर्च केले नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. मुले वाढत्या वयाबरोबर आपोआप यातून बाहेर पडतात असेही नाही. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतही निम्म्याहून अधिक रक्तक्षयी निघाल्या. ऊस, दूध आणि गूळ यांचा हा आपला सुखवस्तू जिल्हा! आपल्याकडे असे नसेल, असे कुणी म्हणत असेल तर त्याने माझ्या दवाखान्यात एक दिवस बसावे.

तर मूळ मुद्दा असा. त्या आईला मी म्हटले, "हिला जेवणाचं काही शिकवलं पाहिजे." ती चटकन म्हणाली, "शाळेत शिकवतात की सगळं." दोन दिवसांनी योगायोगाने एक शिक्षक रक्तदाब तपासायला आले. माझे जुने पेशंट. नाव न सांगता त्यांना ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, "डॉक्टर, आम्ही पुस्तकातलं शिकवणार. ताटातलं आईबापांनी बघायला नको का?" दोघांचेही म्हणणे ऐकायला बरोबर वाटते. या दोन बरोबर म्हणण्यांच्या मध्ये ती मुलगी ७.१ वर बसली होती.

आता तिसऱ्याबद्दलही सांगतो. तो तिसरा मी. गेली अठ्ठावीस वर्षे चिठ्ठीच्या तळाशी "सकस आहार घेणे" ही ओळ मी लिहीत आलो आहे. त्या दिवशी त्या मुलीच्या आईने ती ओळ वाचली आणि विचारले, "डॉक्टर, सकस म्हणजे नेमकं काय हो?" बाहेर पंधरा माणसे खोळंबली होती. मी घाईघाईने म्हणालो, "पालेभाज्या, कडधान्यं, फळं, दूध..." बोलता बोलता माझ्या लक्षात आले की, तिच्या मुलीने परीक्षेत लिहिलेलेच उत्तर मी देत होतो. म्हणजे मलाही पाचपैकी पाच! किती द्यायचे, कशाबरोबर द्यायचे, कशाबरोबर द्यायचे नाही, मुलगी खात नसेल तर काय करायचे, यातले मी काहीही सांगितले नव्हते. एम.बी.बी.एस.ला आम्ही कुपोषणाचे प्रकार इंग्रजी नावांनिशी पाठ केले. पण हुलग्याचे माडगे कसे करतात हे विचारले असते तर आमच्या वर्गातले निम्मे नापास झाले असते.

मग आम्ही खायला शिकलो कुठे? माझे बालपण पन्हाळा तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. आहार हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. शिकणे कामातून व्हायचे. आजी सोप्यात भाजी निवडायला बसली की आम्हा पोरांना बोलवायची. पोकळ्याचे कोवळे देठ कुठले, तांदळी आणि माठ यांत फरक काय, अंबाडीला कण्या का घालायच्या, हे निवडता निवडता कानावर पडे. बाजाराच्या दिवशी पिशवी धरायला मी असे. मटकीला मोड आणायचे फडके ओले ठेवण्याचे काम बहिणीचे. पावसाळ्यात नाचणीची आंबील ठरलेली. थोरल्यांच्या मागे शेंगा वेचायला गेल्यामुळे शेंग जमिनीखाली लागते हे शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. परवा शहरातल्या एका शाळेत आरोग्य तपासणीला गेलो असता सहावीतल्या एका चुणचुणीत मुलाने मला सांगितले की, शेंगदाणे झाडाला लागतात. बाकीच्या मुलांपैकी एकाने हात वर करून विचारले, "कुठल्या झाडाला?" ते मूल मला अधिक शहाणे वाटले.

पण पूर्वीचे सारे सोन्याचे होते असे सांगणाऱ्यांतला मी नाही. त्याच सोप्यात बायका शेवटी जेवत आणि जे उरेल ते खात. त्याच घरात सर्दीत केळे द्यायचे नाही, तापात पोराला उपाशी ठेवायचे, बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे, हेही तितक्याच खात्रीने शिकवले जाई. घर ज्ञान देते, तसे अज्ञानही देते, आणि दोन्ही एकाच वाटीतून देते. आपल्या कोल्हापुरातली दुधाच्या कट्ट्याची गोष्ट घ्या. म्हशीच्या कासेखाली ग्लास धरून धारोष्ण दूध प्यायचे, यात आपला मोठा अभिमान आहे. वडील मुलाला हौसेने कट्ट्यावर नेतात. मला मित्र गमवायचे नाहीत, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेल्लोसिस होतो, जनावराला क्षय असेल तर तोही येतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दूध ताजे असणे वेगळे आणि निर्धोक असणे वेगळे. घरी न्या, एक उकळी आणा आणि मग खुशाल प्या. हे मुलाला त्याचे वडील सांगणार नाहीत, कारण त्यांना त्यांच्या वडिलांनी कट्ट्यावरच नेले होते.

आणखी एक गोष्ट घरात शिकवली जाते आणि तीही न बोलता. रविवारी मटण होते. तांबडा, पांढरा, सगळे व्यवस्थित. फोडी मात्र भावाच्या ताटात आणि रस्सा बहिणीच्या ताटात. पालेभाजीतले लोह शरीराला थोडेच लागू होते, मटणातले आणि काळजातले त्या मानाने चांगले लागू होते. म्हणजे महिन्याला जिचे रक्त जाते तिच्या वाट्याला कमी, आणि ज्याचे जात नाही त्याच्या वाट्याला जास्त. त्या मुलीच्या आईला मी याबद्दल विचारले तेव्हा ती जराशी ओशाळून म्हणाली, "तसं काय नसतंय डॉक्टर, पण पोरगं तालमीला जातंय नव्हं!"

आजच्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. बाप शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर, आई दुकानात किंवा शिवणकामात. आजी गावाकडे. सकाळी सातची शाळा. पालेभाजी निवडायला अर्धा तास लागतो, बटाटा पाच मिनिटांत चिरून होतो. त्यात जाहिरातींचा मारा. डब्यावर उड्या मारणाऱ्या मुलाचे चित्र असते, म्हणून आई पोटाला चिमटा घेऊन ती पावडर आणते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारला ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगावे लागले की, अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. ही बातमी किती आयांपर्यंत पोचली असेल? माझ्या दवाखान्यात तरी अजून विचारतात, "कुठली पावडर देऊ डॉक्टर?" त्या पावडरीच्या पैशांत महिन्याची अंडी आणि शेंगदाणे येतात.

इथे मात्र मला शाळेचे काम स्पष्ट दिसते. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे छापलेले असते ते वाचायला कुठल्या आजीने शिकवावे? समजा, आंब्याच्या एखाद्या गोड पेयावर १०० मिलिलिटरमागे साखर १३ ग्रॅम असे लिहिले आहे. बाटली २०० मिलिलिटरची. म्हणजे २६ ग्रॅम, सुमारे पाच चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला ५ टक्क्यांप्रमाणे २० ग्रॅम येतात. म्हणजे एका बाटलीत दिवसाची साखर संपून वर सहा ग्रॅम उसने झाले! हे गणित सहावीच्या मुलाला सहज येते. नफा-तोट्याच्या आणि नळ-हौदाच्या गणितांऐवजी आठवड्यातून एक गणित असे घातले तर अभ्यासक्रम कोसळेल असे मला वाटत नाही.

शाळांत काहीच नाही असेही नाही. उलट आपल्या शाळेत जे आहे ते पाहून मला वाईट वाटते, कारण ते वापरलेच जात नाही. मी खिचडीबद्दल बोलतो आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे हजेरी भरली की मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे, अनेकांना आठवत असेल. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून या योजनेचे नाव पीएम पोषण झाले. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. म्हणजे शाळेच्या आवारातच आहारशास्त्राचा धडा रोज दुपारी शिजतो, वाढला जातो आणि संपतो. आणि तास संपल्यावर मुले वर्गात येऊन पुस्तकातला 'संतुलित आहार' हा धडा वाचतात! आमची ती मुलगी आठवीपर्यंत ही खिचडी खात होती. मी विचारले, "आवडायची?" तर म्हणाली, "भात आवडायचा. मटकी काढून टाकायची." आठ वर्षांत तिला कुणी सांगितले नाही की, मटकी काढल्यावर राहिला तो नुसता भात. नववीत योजनेचा भातही बंद झाला.

याउलट करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत मी गेल्या वर्षी गेलो होतो. शाळेमागे परसबाग. शेवगा, पोकळा, मेथी, कोथिंबीर, दोन पपया. भाजी मुलांनी खुडायची आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडे द्यायची अशी पद्धत. तिसरीतल्या एका मुलाने मला शेवग्याचा पाला दाखवून विचारले, "डॉक्टर, यात काय असतं माहितीय काय?" मी अज्ञानाचा आव आणला. त्याने सांगितले, "आमटीत घातला की मावशी म्हणत्यात, रगात वाढतंय." मावशींना अधिक विचारले तर त्यांना लिंबाचेही माहीत होते. पालेभाजीवर, कडधान्यावर लिंबू पिळले की त्यातले लोह अधिक चांगले लागू होते. चहा मात्र त्याच्या उलट, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतला की लोह अडवून धरतो. मावशी चौथी शिकलेल्या. तुटपुंज्या मानधनावर काम करतात. त्या शाळेत आहाराचा सर्वांत चांगला शिक्षक कोण, हे मला विचारू नका! वर्षातून एकदा तिथे मुलांचा बाजारही भरतो. मुले घरची भाजी आणून विकतात, मापे करतात, सुटे पैसे मोजतात. माझ्या पिशवीत एका मुलीने घोळाची पेंढी घातली आणि भाजी कशी करायची तेही सांगितले. वर 'काकूंना सांगा' असेही बजावले. कृषी खाते ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव भरवते, तिथेही शाळेच्या सहली नेता येतील. वॉटर पार्कला जातातच की.

मोठ्या खासगी शाळांची स्थिती याहून निराळी. तिथे नियम आहेत. राज्य सरकारने २०१७ मध्येच शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, नूडल्स, गोड पेये ठेवायला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. आता एकदा टेप घेऊन शहरातल्या कुठल्याही शाळेच्या फाटकापासून ५० मीटर मोजा आणि त्यात किती गाड्या बसतात ते पाहा. मी बंदीच्या विरुद्ध नाही. पण एक्कावन्नाव्या मीटरला काय करायचे हे मुलाला शिकवावेच लागेल. जाता जाता मिसळीबद्दल. मला अनेक जण भीत भीत विचारतात. अहो, मिसळीतली मटकी हा उत्तम पदार्थ आहे. भानगड कटाच्या तेलाची, मूठभर फरसाणाची आणि चार पावांची, आणि तीही रोजची. महिन्यातून एकदा खाऊन कुणी मेले नाही. मीही खातो.

मुलांना राबवायचे, स्वयंपाक करायला लावायचा, ही शाळेची कामे आहेत का, असा प्रश्न एका पालकसभेत मला एका गृहस्थांनी तावातावाने विचारला. त्यांना मी कुंभोजची आठवण करून दिली. आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत, शेतात राबत, पाळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. गांधीजींच्या नई तालीमच्या सेवाग्रामच्या शाळेतही भाजीचा वाफा आणि स्वयंपाकघर यांना वर्गाइतकाच मान होता. हे सारे आपल्याच मातीतले. आणि आपण काय केले? पुढे शाळांत गृहशास्त्र आणले, ते फक्त मुलींसाठी, आणि मुलग्यांना सांगितले की हा विषय तुमचा नाही. त्याची फळे आज माझ्यासमोर पन्नाशीचे मधुमेही होऊन बसतात. "काय खाता?" म्हटले की बायकोकडे बघतात.

जपानने २००५ मध्ये यासाठी चक्क कायदा केला. खाण्याचे शिक्षण हे लिहिणे-वाचणे शिकण्याच्या जोडीचे मानले आणि शाळांत पोषणाचे शिक्षक नेमायला सुरुवात केली. तिथल्या प्राथमिक शाळेत मुलेच टोप्या-ॲप्रन घालून एकमेकांना जेवण वाढतात, नंतर सारे आवरतात. जपान श्रीमंत आहे, मान्य. पण वाढायला आणि आवरायला पैसे लागत नाहीत.

मग शिकवायचे कुणी, आईबापांनी की शाळेने? दोघांनी मिळून, असे म्हणून मला सुटता येईल. सभेत तसे बोलले की टाळ्याही पडतात. पण मला ते प्रामाणिक वाटत नाही. जिभेची सवय घरातच लागते हे खरे. आई-बाप स्वतः पालेभाजी खात नसतील तर मूल खाणार नाही, त्याला शाळा काही करू शकत नाही. पण कुणा एकाकडे जबाबदारी द्यायची वेळ आली तर मी शाळेकडे बोट दाखवीन. कारण ज्या मुलाला याची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्या घरात शिकवणारे कुणी नाही. त्या आईलाच कुणी शिकवलेले नाही. जिच्या घरात आजी आहे, परडे आहे, दोन पैसे आहेत, ते मूल कसेही शिकेल. दुसऱ्याचे काय? त्याच्यापर्यंत रोज पोचणारी एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा. आणि आज नववीत असलेली मुलगी दहा-बारा वर्षांत कुणाची तरी आई होणार आहे.

शिक्षक मंडळी यावर रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. तांदळाचे हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे, त्यात आता डॉक्टरही काम लावतो! म्हणून मी नवा विषय, नवे पुस्तक, नवी परीक्षा मागत नाही. परीक्षा तर मुळीच नको, तिचा निकाल वर सांगितलाच आहे. कार्यानुभवाचा तास आहे. त्यात महिन्यातून दोनदा भाजी निवडा, मटकी भिजवा, पुडक्यामागचे वाचा. मुलगे आणि मुली दोघांनीही. शिकवायला मावशींना बोलवा, गावातल्या एखाद्या आजीला बोलवा. खिचडी वाढताना एक वाक्य बोला, रोज एकच. आणि डॉक्टर हवा असेल तर माझा गुरुवारी दुपारचा दवाखाना बंद असतो. दोन मुख्याध्यापकांना तसे कळवले आहे. एकांनी होकार दिला आहे, दुसरे विचार करत आहेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. सीपीआरमधल्या तपासण्यांत दुसरे काही गंभीर निघाले नाही. जंताची गोळी, जेवणानंतर लोहाची गोळी, लिंबू, आणि चहा जेवणापासून तासभर लांब. मी यावेळी "सकस आहार" लिहिले नाही. एका कागदावर सात दिवसांचे लिहून दिले, त्यांच्या घरात जे येते त्यातलेच. दर रविवारी वडिलांबरोबर मंडईत जायचे आणि एक माहीत नसलेली पालेभाजी आणायची, ही अट तिच्यावर घातली. आणि रविवारच्या मटणाचे आईला जरा स्पष्टच सांगितले.

नवरात्राच्या आधी दोघी परत आल्या. मुलीचे हिमोग्लोबिन १०.८. अजून कमीच, पण जिना चढते. आई मात्र दारातच खुर्चीला टेकली. नऊ दिवस उपवास धरायचा होता, त्यासाठी 'काय तरी शक्तीचं' हवे होते. तिचे रक्त आजवर कुणी तपासले नव्हते, मीही नाही. तपासले, ८.४ निघाले. उपवासाला काय खाता, म्हणून मी विचारणार तोच मुलगी मध्ये बोलली, "साबुदाणाच खाती ही, नऊ दिवस. त्यात काय नसतंय आई. राजगिऱ्याची भाकरी कर, शेंगदाण्याची आमटी कर. आणि वर चहा नको."

आईने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली आणि गोळ्या दोघींच्याही नावे लिहून दिल्या.